चार्जर गेला आणि प्रोसेसर आवडला: कोअर अल्ट्रा ५ २२६व्ही, सांगलीतला अनुभव

गेल्या आठवड्यात माझ्या नव्या लॅपटॉपचा (त्यात इंटेलचा कोअर अल्ट्रा ५ २२६व्ही हा प्रोसेसर आहे) चार्जर गेला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, वॉरंटीत बसतो का ते वरती विचारावं लागेल, घाई असेल तर पाच हजार भरून नवा घेऊन जा. पाच हजार, एका वायरीला आणि डबीला! तणतणत घरी आलो आणि मोबाइलचा ४५ वॅटचा चार्जर लावून बघितला. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि जीएसटीचं पोर्टल दोन्ही उघडं, तरी बॅटरीचा टक्का मुकाट्यानं चढायला लागला.

कुठलाही चार्जर चालत नाही हं. त्यावर बारीक अक्षरांत आउटपुटच्या ओळी असतात, त्यात २० व्होल्टची ओळ हवी. आमच्या हिच्या फोनचा चार्जर ८० वॅटचा, पण त्याची जलद चार्जिंगची पद्धत त्या फोन कंपनीची स्वतःची. लॅपटॉपला लावला तर ढिम्म.

आणि मुळात प्रोसेसर कमी खाणारा हवा. आधीचा माझा इंटेलचाच आय५-१२३५यू. कागदावर बेस, म्हणजे नेहमीच्या कामाचा खप, १५ वॅट, नव्याचा १७. म्हणजे नवाच उधळ्या वाटावा. पण जुना जोर लागला की ५५ वॅटपर्यंत जाऊ शकतो, नवा ३७ला थांबतो. शिवाय आमचं काम म्हणजे टाइप करा, थांबा, पार्टीला फोन लावा. अशा रिकाम्या वेळात प्रोसेसर किती पितो यावरच बॅटरी ठरते. माझ्या वापरात अख्ख्या मशीनचा खप सरासरी सहा-सात वॅट आणि बॅटरी ५५ वॅट-अवरची. भागाकार तुम्हीच करा. तासगावात बेदाण्याच्या सौद्याला बसतो तिथं प्लग शोधत फिरणं बंद झालं. एप्रिलच्या उन्हातसुद्धा पंखा क्वचित ऐकू येतो.

विकताना दुकानदार म्हणाला होता, "साहेब, लाइटबिल वाचेल." काय डोंबल वाचतंय! दिवसाला आठ तास आणि पंधरा वॅटचा फरक धरला तरी महिन्याला साडेतीन-चार युनिट. एवढ्यात महिन्याचा चहासुद्धा भागत नाही. फायदा आहे तो लाइट गेल्यावर इन्व्हर्टरकडे न बघण्याचा.

इंटेलला हे वीज वाचवणं आपण होऊन सुचलं असं कुणी समजू नये. २०२०मध्ये अ‍ॅपलचा एम१ प्रोसेसर आला, एएमडी कंपनीचे रायझन तर आधीपासून मागं लागलेलेच, आणि २०२४च्या जूनमध्ये क्वालकॉमचे स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसर विंडोजच्या लॅपटॉपमध्ये उतरले. मग इंटेलनं हायपरथ्रेडिंग (एका कोअरकडून एकाच वेळी दोन कामं करून घेण्याची सोय) काढलं, मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर, म्हणजे त्याच्याच पाटीवर, बसवली आणि मुख्य कोअरचा तुकडा चक्क तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीकडून करून घेतला. स्नॅपड्रॅगन मीही बघितला होता. त्याची रचना इंटेलपेक्षा वेगळी, आर्म नावाची. जुनी सॉफ्टवेअर त्यावर इम्युलेशननं, म्हणजे मधल्या भाषांतरानं, चालतात, पण जोडलेलं उपकरण चालवणारा ड्रायव्हर मात्र आर्मसाठीच बनवलेला लागतो. माझ्या डिजिटल सहीच्या टोकनचा तसा ड्रायव्हर आहे का, हे दुकानात कुणालाच सांगता येईना. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला मी जुगार खेळत नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात सर्व्हिस सेंटरचा फोन. चार्जर वॉरंटीत, फुकट. मग परवा पाच हजार कसले मागत होता? असो, आणून कपाटात टाकलाय.

आता खरी पोटदुखी, मेमरी. पॅकेजवर बसवली म्हणून वीज वाचते, मान्य. पण १६ जीबी म्हणजे जन्मभर १६ जीबी! जुन्या मशीनमध्ये मी स्टेशन रोडवरून रॅम आणून स्वतः बसवली होती. इथं स्लॉटच नाही. मेमरीचा खर्च इंटेललाही जड गेला असावा. इंटेलचे तेव्हाचे प्रमुख पॅट गेल्सिंगर यांनी २०२४मध्येच सांगितलं की ही रचना पुन्हा करणार नाही. ज्यांनी घेतलाय त्यांचं काय?

घेणार असाल तर नावातला शेवटचा आकडा बघा. ६ म्हणजे १६ जीबी, ८ म्हणजे ३२. दुकानदार ६वालाच पुढं करेल. २२८व्ही मागा, नसेल तर मागवायला सांगा.