धबधब्यासाठी घेतलेला पंप: सहा महिन्यांनंतर

परसातल्या तळ्यावर अडीच फुटी धबधबा केला, त्यासाठी ४० वॅटचा पाण्यात बुडणारा पंप घेतला. खोक्यावर ताशी ३००० लिटर लिहिलंय, पण तो आकडा शून्य उंचीचा, म्हणजे पाणी वर चढवायचं नसतानाचा. वर चढवून मोजलं, तर १५ लिटरची बादली भरायला २५ सेकंद लागले, म्हणजे ताशी २१६० लिटर. दुकानदाराने हे आधी सांगायलाच हवं होतं. बाकी पंप गुणी! दिवसरात्र चालूनही रोज एक युनिटच्या आत वीज. पंपाचा गाळणीचा स्पंज मात्र आठवड्याला धुवा, शेवाळ अडकतं.

सुरुवातीला तळं रोज चार बोटं खाली जायचं. पाणी दगडामागे मुरत होतं. प्लास्टिकचा कागद मागून वर दुमडला, काळ्या फरशीची कड अंगठाभर पुढे काढली, तेव्हा कुठे पाणी पडद्यासारखं सुटलं. गप्पी मासे आता फेसाच्या कडेकडेने फिरतात.