8 इंची न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण, वर्षभराच्या वापरानंतर: आरसा उत्तम, फोकसरचा मनस्ताप

"कॅमेऱ्याच्या वजनाने नळी लवते, हे वॉरंटीत बसत नाही." फोकसर म्हणजे कॅमेरा जिथे लावतात ती पुढेमागे सरकणारी नळी; तिच्या तक्रारीला सर्व्हिस सेंटरचं हे शेवटचं उत्तर आलं, म्हणून लिहायला बसलो. दुर्बिणीची मापं इथे देत नाही.

मी सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन एकाएकी उजळलेले तारे, शोधतो. दीर्घिकेचा आजचा फोटो जुन्या फोटोशी ताडायचा आणि नवा ठिपका दिसतोय का ते बघायचं. त्यासाठी तारे गोल यायलाच हवेत. कन्या राशीतल्या दीर्घिका कोल्हापुरातून जवळजवळ डोक्यावर येतात. दुर्बीण माथ्याकडे रोखली की तिच्या बाजूला बसवलेला फोकसर आडवा होतो, कॅमेरा केसभर खाली झुकतो आणि फोटोच्या एका कडेच्या ताऱ्यांना शेपट्या फुटतात. क्रांतिवृत्त, म्हणजे सूर्याचा आकाशातला वाटचालीचा मार्ग, याच राशीतून जातं; लघुग्रह त्याच्याच आसपास फिरतात, त्यामुळे तेही नव्या ठिपक्यासारखे फोटोत घुसतात. लघुग्रह सरकतो, सुपरनोव्हा नाही; म्हणून अर्ध्या तासाने दुसरा फोटो काढून ठिपका सरकला का बघावं, तर शेपटीमुळे त्याची नेमकी जागाच ठरत नाही. ऐन मार्च-एप्रिलच्या स्वच्छ रात्री अशा वाया गेल्या. एवढे पैसे मोजून हे का सोसायचं? तेव्हा विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो, घेऊ नका.

आता तसं सांगत नाही. उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मामांना फोकसर दाखवला. त्यांनी नळी दोन बोटांत धरून हलवली. "ह्यात प्ले हाय. पितळंची रिंग टाकूया." प्ले म्हणजे ढिलेपणा. संध्याकाळी काम हातात. खर्च सर्व्हिसवाल्यांनी सांगितलेल्या कुरिअरपेक्षाही कमी!

त्यानंतर मसाई पठारावरून काढलेल्या फोटोंत या कडेपासून त्या कडेपर्यंत तारे गोल आहेत. आरसा किती चांगला आहे ते तेव्हा कळलं. 19 मे 2023 ला जपानच्या कोइची इतागाकींना एम101 या दीर्घिकेत सुपरनोव्हा सापडला, तेव्हा तो 15 व्या प्रतीच्या आसपास होता (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक). ही दीर्घिका 2 कोटी प्रकाशवर्षांहून दूर आहे आणि आपल्याकडून उत्तरेला 52 अंशांपर्यंत चढते. तेवढा अंधुक तारा ही दुर्बीण कॅमेऱ्यात आरामात पकडते. मोठ्या स्वयंचलित दुर्बिणी रोज आकाश पिंजून काढत असतानाही तो एका हौशी माणसाला सापडला, म्हणून मीही शोधत राहणार आहे.

माउंटबद्दल, म्हणजे दुर्बिणीच्या स्टँडबद्दल, तक्रार नाही. पावसाळ्यात आरशाला बुरशीपासून जपा.

घेणार असाल तर दुकानातच तुमचा कॅमेरा लावून, फोकसर आडवा धरून बघा. नळी हलली तर रिंगचे पैसे किमतीतून कापून घ्या.