‘गेट’ शिकवण्याआधी एटिमऑनलाइन उघडा

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवताना सगळ्यात जास्त दमवतं ते ‘गेट’ हे क्रियापद. पत्र मिळालं तरी गेट, अंधार पडू लागला तरी गेट, गणित कळलं तरी ‘आय गेट इट’. मुलं विचारतात, “बाई, खरा अर्थ कुठला?” गाइडमधल्या यादीत याचं उत्तर नाही. ते मला एटिमऑनलाइनवर मिळालं.

डग्लस हार्पर या अमेरिकन अभ्यासकाने उभा केलेला हा इंग्रजी व्युत्पत्तिकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो. त्यातली ‘गेट’ची नोंद सांगते की हा शब्द इंग्रजीत सुमारे १२०० पासून लिहिलेला सापडतो आणि तो जुन्या नॉर्सच्या ‘गेटा’वरून आला. नॉर्स म्हणजे इंग्लंडात येऊन वसलेल्या व्हायकिंगांची भाषा. ‘टेक’ आणि ‘एग’ हेही तिचेच. ‘गेटा’च्याही मागचा धातू ‘पकडणे’ या अर्थाचा. इथून पुढे वाचताना मी अक्षरशः खुर्चीत सरसावून बसले. ‘फरगेट’ म्हणजे मुळात पकड सुटणं! ‘गेस’ही याच कुळातला. आणि लॅटिनमार्गे आलेला ‘कॉम्प्रिहेन्ड’सुद्धा. प्रत्येक चाचणीत ज्या कॉम्प्रिहेन्शनला मुलं घाबरतात, ते आणि ‘आय गेट इट’ एकाच धातूचे. आपणही ज्ञान ग्रहण करतो म्हणतो, तेव्हा पकडतोच की. वर्गात मूठ मिटून ‘गेट’ आणि उघडून ‘फरगेट’ दाखवलं, तेव्हा मागच्या बाकांवरूनही माना डोलल्या.

‘गॉटन’ हे अमेरिकन रूप चुकीचं समजून लाल पेनाने खोडणाऱ्या शिक्षकांनी तर त्याचीही माहिती इथे जरूर वाचावी. ते जुनंच रूप आहे, ब्रिटनमध्ये मागे पडलं, इतकंच.

वापरासाठी मात्र या कोशावर विसंबू नका. ‘गेट ओव्हर’, ‘गेट अलाँग विथ’ कुठे आणि कसं वापरायचं, यासाठी ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोशच जवळ हवा; वाक्यं तिथे भरपूर आहेत. शिवाय नोंदींची भाषा मुलांना जड जाते, त्यामुळे आधी शिक्षकाने वाचून मराठीत सांगावं. शब्दाच्या आधी फुली (*) दिसली तर ते रूप लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेने बांधलेलं आहे, हेही सांगावं. आठवीला ‘फरगेट’पर्यंतच पुरे, ‘कॉम्प्रिहेन्ड’ दहावीत घ्या.