हाउस ऑफ द ड्रॅगन, सीझन 2: लढाई कमी, नात्यांचा गुंता जास्त

सिंहासनावरून एकाच राजघराण्यात पेटलेल्या युद्धाच्या या मालिकेच्या पहिल्या सीझनचे 10 भाग होते, 2024च्या दुसऱ्याचे फक्त 8. शेवट ऐन लढाईच्या तोंडावर होतो म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. पण पुढे कोण कोणाचं उरणार, हे ताडायला इथे भरपूर मालमसाला आहे.

सगळ्यात स्फोटक जागा सिंहासनावर हक्क सांगणारी रेनिरा आणि तिची जुनी मैत्रीण, आता विरुद्ध बाजूची ॲलिसेंट यांची. आठव्या भागात ॲलिसेंट राजधानी हाती द्यायला तयार होते. रेनिरा बदल्यात राजा झालेल्या एगॉनचं डोकं मागते, आणि त्याची आई असूनही ॲलिसेंट कबूल होते. गोची अशी, की एगॉन त्याचा कारस्थानी सल्लागार लॅरिस याच्याबरोबर पळून चाललेला असतो. सौद्यातला मुख्य मालच जागेवर नाही! रेनिराला हा दगाच वाटणार. ॲलिसेंट मैत्रीण म्हणून नव्हे, बहुधा ओलीस म्हणून उरेल.

रेनिराचा नवरा डेमन तिच्यापुढे गुडघे टेकतो खरा, पण हॅरनहॉल किल्ल्यातल्या दृष्टान्तानंतर. नवरा-बायकोतलं जुनं भांडण तसंच आहे. त्यात सहाव्या भागातलं रेनिरा-मिसारियाचं चुंबन. मिसारिया डेमनची जुनी प्रेयसी, म्हणजे हे चिघळणार. मात्र नंतरच्या दोन भागांत त्याचा फारसा पाठपुरावा नाही, ही पटकथेची ढिलाई.

रेनिराचा मुलगा जेस आणि डेमनची मुलगी बेला यांचं लग्न ठरलेलं आहे, तिथे धोका कमी. जेसचं खरं दुखणं नवे ड्रॅगनस्वार ह्यू आणि उल्फ: अनौरस माणसंही ड्रॅगनवर बसू लागली, तर स्वतःच्याच जन्मावर शंका घेतली जाणाऱ्या जेसच्या हक्काचा पुरावा काय? जेवणाच्या टेबलावरचा उल्फचा उद्धटपणा पाहता पहिली ठिणगी तिथेच पडेल.