बाबांचं त्रिनिदाद आणि आमचे सहा लाख चौसष्ट हजार

माझे वडील आता पंचाहत्तरीत आहेत. १९७१ च्या मार्चमध्ये अजित वाडेकरांच्या भारतीय संघाने त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजविरुद्धची आपली पहिली कसोटी जिंकली, तेव्हा ते कॉलेजात होते. रोज सकाळी वाचनालय उघडायच्या आधी दारात उभं राहून पेपरात गावस्करांच्या आणि सरदेसाईंच्या धावा बघायच्या, हे त्यांनी आम्हाला किती वेळा सांगितलं असेल याची मोजदाद नाही. गावस्करांच्या चार कसोटींतल्या ७७४ आणि सरदेसाईंच्या ६४२ धावा त्यांना आजही तोंडपाठ आहेत. तिथल्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर एकदा बसून सामना बघायचा, एवढी एकच इच्छा त्यांनी आयुष्यात बोलून दाखवली.

१२ जून २०२३ ला भारताच्या दौऱ्याचं वेळापत्रक जाहीर झालं. दुसरी कसोटी २० जुलैपासून, क्वीन्स पार्क ओव्हलवर, आणि तीही दोन्ही देशांमधली शंभरावी. मी त्याच रात्री ठरवलं की बाबांना न्यायचंच. हातात जेमतेम पाच आठवडे होते. ही घाई आम्हाला फसवणाऱ्या सहल एजंटाच्या पथ्यावर पडली.

दोन दिवसांनी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी एक जाहिरात पुढे पाठवली: कसोटीची तिकिटं, नऊ रात्री हॉटेल, विमान, सगळं धरून माणशी २,८५,०००. फोन केला तर अगदी आपल्याकडचं, नम्र मराठी. बाबांशी बोलायचा हट्ट त्याने स्वतःच धरला. १९७१ च्याच दौऱ्यात किंग्स्टनच्या कसोटीत पहिला दिवस पावसात गेला म्हणून फॉलोऑनची मर्यादा दीडशेवर आली आणि वाडेकरांनी सोबर्सच्या वेस्ट इंडीज संघाला पुन्हा फलंदाजीला बोलावलं, हा किस्सा त्याने बाबांना ऐकवला. 'काका, माझे आजोबा हे रोज सांगायचे,' म्हणाला. बाबांच्या मधुमेहासाठी पथ्याचं जेवण, गुडघ्यासाठी विमानतळावर व्हीलचेअर, सगळं त्याने विचारून लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, 'पोरगा संस्कारी आहे.' मलाही तसंच वाटलं.

१६ जूनला एक लाख आगाऊ भरले. खातं कंपनीचं नव्हतं, एका व्यक्तीचं बचत खातं होतं. 'सर, करंट खात्याची लिमिट संपलीय, सीझन आहे ना,' असं उत्तर मिळालं. तिथेच थांबायला हवं होतं. पण दोनच दिवसांत त्याने सहा अक्षरांचा पीएनआर पाठवला. विमान कंपनीच्या साइटवर टाकला तर आमची दोघांची नावं, तारखा, सगळं उघडलं. माझी उरलीसुरली शंका तिथे गेली.

हे नीट समजून घ्या, कारण माझ्यासारखी बरीच मंडळी इथेच फसतात. पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. जागा काही काळ राखून ठेवली तरी पीएनआर तयार होतो, साइटवर दिसतो, आणि पैसे भरले नाहीत तर मुदत संपली की आपोआप रद्द होतो. खरं ई-तिकीट निघालं की त्यावर तेरा आकडी तिकीट क्रमांक असतो, पहिले तीन आकडे विमान कंपनीचे. आमच्या कागदावर तो क्रमांक नव्हताच. हॉटेलचंही तेच. 'पैसे तिथे गेल्यावर भरा, फुकट रद्द करा' अशा अटीवर बुकिंग करायचं, त्याचं व्हाउचर गिऱ्हाइकाला पाठवायचं आणि नंतर गुपचूप रद्द करायचं.

मग व्हिसाचे माणशी १८,००० मागितले, तेही मी भरले. शिक्का मारलेलं एक पीडीएफही आलं. भारतीय पासपोर्टवर त्रिनिदाद आणि टोबॅगोला नव्वद दिवसांपर्यंत व्हिसा लागतच नाही. एवढी साधी गोष्ट मी तपासली नाही. आणि जो व्हिसा खरोखर लागणार होता, त्याबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. आमचा मार्ग असा: मुंबईहून लंडन हीथ्रो, तिथून रस्त्याने गॅटविक, आणि गॅटविकहून पोर्ट ऑफ स्पेन. विमानतळ बदलायचा म्हणजे ब्रिटनमध्ये पाऊल ठेवायचं, आणि त्यासाठी ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा हवा. अमेरिकेमार्गे जायचं तर अमेरिकेचा व्हिसा हवा. कॅरिबियनचं बेट व्हिसामुक्त असलं तरी तिथवरचा रस्ता तसा नसतो.

२४ जूनला त्याचा सूर बदलला. परदेशी सहलींवरचा टीसीएस, म्हणजे सहल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारला भरायचा कर, १ जुलैपासून पाच टक्क्यांवरून वीस टक्के होणार, त्याआधी पूर्ण रक्कम आली नाही तर लाखभर जास्त पडतील, असं तो सांगू लागला. बातमी खरी होती, अर्थसंकल्पात तशी घोषणा झाली होती, म्हणून मी घाबरलो. २६ ला उरलेले ५,२८,४२५ आरटीजीएस केले. बिलात जीएसटी होता, टीसीएस होता, सगळी आकडेमोड अचूक. २८ जूनला सरकारने ती वाढ १ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलली, आणि सात लाखांपर्यंत पाच टक्केच ठेवला. म्हणजे ज्या भीतीपोटी मी धावत बँकेत गेलो, ती दोन दिवसांत उरलीच नाही.

त्रिनिदादहून परतणाऱ्याला भारतात उतरताना पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, नाहीतर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. हेही एजंटाने सांगितलं नव्हतं, माझ्या एका डॉक्टर मित्राने सांगितलं. म्हणून ५ जुलैला बाबांना घेऊन मुंबईतल्या अधिकृत केंद्रावर गेलो. वय बघून तिथल्या डॉक्टरांनी बाबांना लगेच टोचायला नकार दिला. साठीनंतर या लसीचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो, आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं पत्र आणा म्हणाले.

रांगेत बहुतेक जण जहाजावरचे. रत्नागिरीकडचा एक खलाशी बाबांच्या शेजारी बसला होता. कुठे, कसे जाणार ते विचारलं आणि म्हणाला, 'काका, लंडनचा व्हिसा झाला ना?' मी म्हटलं, त्याबद्दल एजंट काहीच बोलला नाही. त्याने माझ्या फोनवरचा कागद बघितला, खाली-वर केला, आणि हळूच विचारलं, 'तिकीट नंबर कुठाय?'

तिथेच बाकावर बसून पीएनआर पुन्हा टाकला. बुकिंग सापडत नाही. पोर्ट ऑफ स्पेनच्या हॉटेलला ईमेल केला. त्यांचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे, त्यामुळे उत्तर रात्री आलं: या नावाचं आरक्षण २० जूनला रद्द झालं आहे. बिलावरचा पंधरा अक्षर-आकड्यांचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला. सुरुवातीचे २७ म्हणजे महाराष्ट्र, तेवढं बरोबर. पण नोंदणी निघाली एका हार्डवेअरच्या दुकानाची. हे तपासायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मी १६ जूनला द्यायला हवी होती.

यानंतरची चूक मला सगळ्यात जास्त बोचते. मी त्यालाच फोन केला. तो शांतपणे म्हणाला, 'सिस्टिमचा घोळ आहे, शुक्रवारपर्यंत पूर्ण रिफंड देतो. पण पोलिसात गेलात तर खातं गोठेल आणि तुमचाच रिफंड अडकेल.' मी तीन दिवस गप्प बसलो. शुक्रवारी फोन बंद झाला. ८ जुलैला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सायबर पोर्टलवर कागद चढवले. तोवर पैसे पाच-सहा खात्यांतून पुढे गेले होते. फक्त ७४,००० एका खात्यात रोखता आले, आणि ते मिळवायला कोर्टाचा आदेश लागणार. तक्रार घेणाऱ्या ताई म्हणाल्या, 'पैसे गेल्या-गेल्या फोन केला असता तर बरंच थांबवता आलं असतं.' खातं गोठावं हेच तर आपल्याला हवं असतं. त्याच गोष्टीची भीती घालून त्याने मला थांबवलं. कुणी तुम्हाला असं सांगितलं तर त्याचा फोन ठेवा आणि लगेच १९३० लावा.

आमचे पासपोर्ट, आधार, पॅन, सगळ्याच्या प्रती त्याच्याकडे आहेत. आम्ही दोघांनी आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं आणि दर काही महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढतो, आपल्या नावावर कुणी कर्ज घेतलंय का ते बघायला. टीसीएस म्हणून घेतलेले २९,९२५ माझ्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या जमा करांच्या विवरणात, कधीच दिसले नाहीत.

२० जुलैला संध्याकाळी साडेसातला सामना सुरू झाला. बाबा टीव्हीसमोर बसले. दुसऱ्या दिवशी विराटचं शतक झालं. शेवटचा दिवस पावसाने पूर्ण धुतला. बाबा मला म्हणाले, 'बघ, गेलो असतो तरी शेवटच्या दिवशी छत्रीतच बसलो असतो.' माझी समजूत घालायला म्हणाले, हे मला कळलं. मी उठून गच्चीवर गेलो.

मी हे कुणाला सांगणार नव्हतो. पण २०२४ च्या मे महिन्यात, टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या तोंडावर, नात्यातल्या एकाने मला विचारायला एक जाहिरात पाठवली. तोच मजकूर, तीच रंगसंगती, नंबर वेगळा. त्रिनिदादच्या जागी बार्बाडोस, ब्रिजटाउनचा अंतिम सामना. खाली लिहिलं होतं: व्हिसा शुल्क माणशी १८,००० वेगळे. बार्बाडोसलाही आपल्याला व्हिसा लागत नाही. त्याने पैसे भरले नव्हते. स्क्रीनशॉट घेऊन आम्ही दोघं त्याच दुपारी पोलीस ठाण्यात गेलो.