‘संपूर्ण प्रत’ म्हणून गळ्यात पडलेले अपुरे पुस्तक

झां माबियों या बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती भिक्षूचा ‘दे रे दिप्लोमातिका’ हा लॅटिन ग्रंथ १६८१ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. पापेब्रोख या जेझुइट पंथाच्या विद्वानांनी १६७५ मध्ये मठांच्या जुन्या सनदांच्या खरेपणाविषयी शंका घेतली होती; अस्सल दस्तऐवज आणि बनावट दस्तऐवज यांतला फरक कसा ओळखावा, हे सांगणारा हा ग्रंथ त्यातून उभा राहिला. असे पुस्तक घेताना मी स्वतः काहीच पारखले नाही, याला हसणाऱ्यांना मी अडवणार नाही.

विक्रेत्याने ‘पहिली आवृत्ती, संपूर्ण प्रत’ असे वर्णन दिले होते. छायाचित्रे बहुतेक चामडी बांधणीची होती. ज्या पाचव्या भागात जुन्या हस्ताक्षरांचे नमुने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेले आहेत, त्याचे एकच होते. असे नमुने सुटे करून चौकटीत घालण्यासाठी विकले जातात, हे ठाऊक असूनही मी पैसे पाठवले.

पुस्तक आल्यावर पहिली शंका शीर्षकपानाने दिली. इतर पानांच्या पाठीवर बोट फिरवले की छपाईच्या खिळ्यांचा दाब जाणवत होता, याच्या पाठीवर काहीच लागेना. उजेडासमोर धरल्यावर कागदाच्या साच्यातील तारांच्या ठळक खुणा बाकीच्या पानांत उभ्या, तर या पानात आडव्या दिसल्या, म्हणजे कागद जुनाच, पण दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तकातून उचललेला. आणि भिंगाखाली अक्षरे बारीक ठिपक्यांची निघाली, म्हणजे हे शीर्षकपान अलीकडे यंत्रावर छापलेली नक्कल होती. मग पाचवा भाग एकेक पान मोजत पाहिला, तेव्हा शिवणीजवळ धारदार पात्याने कापलेल्या पानांचे नऊ खुंट सापडले.

यावर विक्रेत्याचे उत्तर असे, की ‘संपूर्ण’ हा शब्द मजकुरापुरता होता आणि तळाशी ‘जशी आहे तशी’ हेही लिहिलेले होते. ते खरेच लिहिलेले होते, बारीक अक्षरांत. परतावा मिळाला नाही. पैसे देण्यापूर्वी नमुन्यांच्या पानांची संख्या लेखी मागून ती एखाद्या ग्रंथालयाच्या प्रतीशी ताडून पाहिली असती आणि शिवणीची छायाचित्रे मागितली असती, तर हा व्यवहार तिथेच थांबला असता.

कापलेल्या पानांची शाई समोरच्या पानांवर पुसट उतरलेली आहे. ती छाया उलटी असल्याने आरसा धरला की नाहीशा झालेल्या नमुन्यांतील दोन-चार ओळी अजून वाचता येतात.