स्मिथ की कॅपरनिक? २०१२ च्या फोर्टीनायनर्सचा न मिटलेला वाद

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, कोण असावा हा वाद प्रत्येक संघात कधी ना कधी होतो. पण दोघांची इतकी सरळ तुलना करायची संधी क्वचितच मिळते. २०१२ च्या मोसमात सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनायनर्स संघात अॅलेक्स स्मिथ आणि कॉलिन कॅपरनिक यांनी नियमित मोसमात बरोबर २१८-२१८ पास फेकले. प्रशिक्षक तोच, ऑफेन्सिव्ह लाइन तीच, चेंडू घेऊन धावणारा फ्रँक गोर, झेल घेणारे व्हर्नन डेव्हिस, मायकेल क्रॅबट्री तेच. बे एरियातल्या मराठी मंडळींत सामना बघताना हा विषय निघाला की ज्याला अजून बाजू ठरवता आलेली नाही, त्याच्या कामाचं थोडं इथे मांडतो. नियम आणि डाउनचा हिशेब तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

आधी कागदावर. स्मिथ: १५३ पास पूर्ण, म्हणजे ७० टक्के, १७३७ यार्ड, १३ टचडाउन, ५ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास), रेटिंग १०४.१. कॅपरनिक: १३६ पूर्ण, ६२ टक्के, १८१४ यार्ड, १० टचडाउन, ३ इंटरसेप्शन, रेटिंग ९८.३. स्मिथने सुरुवात केलेल्या सामन्यांचा हिशेब ६ विजय, २ पराभव, १ बरोबरी. कॅपरनिकचा ५ विजय, २ पराभव. एवढंच बघितलं तर स्मिथला बाहेर बसवणारा प्रशिक्षक वेडाच म्हणायला हवा. २९ ऑक्टोबरला अॅरिझोनाविरुद्ध याच स्मिथने १९ पैकी १८ पास पूर्ण केले होते, तीन टचडाउनसह.

पण या तक्त्यात एक रकाना नाही, तो म्हणजे सॅकचा. पास पूर्ण होण्याची टक्केवारी काढताना सॅक मोजलेच जात नाहीत. क्वार्टरबॅकने चेंडू फेकलाच नाही, हातात धरून बसला आणि खाली पडला, तर टक्केवारीला धक्का लागत नाही. फक्त संघ सात-आठ यार्ड मागे जातो. त्या मोसमात स्मिथ २४ वेळा सॅक झाला, कॅपरनिक १६ वेळा. पास आणि सॅक एकत्र धरले तर स्मिथ दहापैकी जवळपास एका वेळेला आडवा होत होता, कॅपरनिक पंधरापैकी एका वेळेला. लाइन तीच असताना हा फरक पडतो, तेव्हा दोष लाइनच्या पदरात टाकता येत नाही. आदल्या वर्षीही तेच: २०११ मध्ये स्मिथचे इंटरसेप्शन अवघे ५, आणि सॅक ४४. या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध आहे. धोक्याचा पास टाळायचा म्हणून तो चेंडू धरून ठेवतो, आणि त्याची किंमत दुसऱ्या खात्यात टाकली जाते.

माझं मत ठरलं ते याच सवयीच्या जुळ्या भावामुळे: तिसऱ्या डाउनला मार्करच्या, म्हणजे जिथवर पोचायला हवं त्या खुणेच्या, अलीकडे फेकलेला पास. जुने सामने लावून फक्त तिसरे डाउन बघा, बाकी सगळं पुढे ढकला. थर्ड अँड एट, म्हणजे तिसरा डाउन आणि आठ यार्ड बाकी. डिफेन्स सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) मागे ठेवून सगळा खेळ समोर घडू देतो. क्रॅबट्री पंधरा यार्डांवर आत वळतोय, त्याच्या आणि सेफ्टीच्या मध्ये फटही आहे, पण अरुंद. स्मिथ तिकडे बघतो, खांदा किंचित उचलतो, आणि मग नजर खाली आणून चार यार्डांवर उभ्या असलेल्या गोरच्या हातात चेंडू देतो. पास पूर्ण. सहा यार्डांवर टॅकल. लाथेने चेंडू लांब मारून समोरच्यांना देणारा पंटर अँडी ली हेल्मेट चढवून मैदानात. तक्त्यात १ पैकी १, आणि चेंडू समोरच्या संघाकडे. शेवटच्या दोन षटकांत एकेरी धावा काढून नाबाद परतणाऱ्या फलंदाजासारखं हे आहे. सरासरी बिघडत नाही, सामना हातचा जातो.

हे एखाद-दुसऱ्या वेळचं असतं तर सोडून दिलं असतं. पण यातून पुढे एक साखळी तयार होते. बाहेरचे रिसीव्हर खोलवर जाऊनही चेंडू मिळणार नाही हे डिफेन्सला कळलं की एक सेफ्टी निर्धास्तपणे पुढे येतो. बॉक्समध्ये, म्हणजे लाइनजवळच्या गर्दीत, सातऐवजी आठ जण. मग गोरची धाव पहिल्या डाउनला साडेचारऐवजी दोन यार्डांवर अडते, दुसरा डाउन लांबतो, तिसरा आणखी लांबतो, आणि पुन्हा तोच आखूड पास. जानेवारी २०१२ ची घरच्या कॅंडलस्टिक मैदानावरची जायंट्सविरुद्धची कॉन्फरन्स फायनल बघा. २०-१७ असा ओव्हरटाइममध्ये पराभव. लोकांनी सगळा राग समोरून आलेले पंट नीट न सांभाळणाऱ्या काइल विल्यम्सवर काढला, आणि त्या दोन चुका मोठ्या होत्याच. पण त्या दिवशी संघाने तिसऱ्या डाउनला १३ पैकी फक्त १ वेळा यार्ड पूर्ण केले. बाहेरच्या रिसीव्हरांनी मिळून एक झेल घेतला, तीन यार्डांचा. रिसीव्हर टेड गिन जखमी होता, मैदान ओलं होतं, डेव्हिसने दोन लांब टचडाउन घेतले, हे सगळं मान्य. तरी १३ पैकी १.

आता कॅपरनिक. त्याची बाजू घेणारे बहुतेक जण त्याच्या धावण्यापासून सुरुवात करतात. मला वाटतं तिथे थोडी गल्लत होते. त्याने केलेले यार्ड महत्त्वाचे आहेतच, पण न पळताही त्याच्यामुळे काय घडत होतं ते जास्त महत्त्वाचं. पिस्टल रचनेत तो सेंटरच्या मागे साधारण चार यार्डांवर, आणि गोर त्याच्याही मागे. नेवाडा विद्यापीठातून तो हीच रचना अंगात भिनवून आलेला. रीड-ऑप्शनमध्ये एका टोकाच्या बचावपटूला मुद्दाम अडवायचं नाही; क्वार्टरबॅक चेंडू गोरच्या पोटाशी धरतो आणि त्या एका माणसाकडे बघतो. तो गोरवर धावला तर चेंडू काढून घेऊन बाहेरून पळायचं, तो जागेवर थांबला तर गोरला देऊन टाकायचा. न अडवलेला माणूस कायम चुकीच्या जागी सापडतो, आणि वाचलेला ब्लॉकर दुसऱ्या कुणावर तरी जातो.

ग्रीन बेने प्लेऑफमध्ये टोकाचा माणूस वारंवार आत पाठवला. कॅपरनिक १८१ यार्ड पळाला, हा क्वार्टरबॅकसाठी विक्रम होता, आणि सामना ४५-३१. पुढच्या आठवड्यात अटलांटाने ते बघून धडा घेतला, टोकाची माणसं बाहेर धरली. कॅपरनिक जवळजवळ पळालाच नाही. मधली वाट गोर आणि लामायकेल जेम्स यांना मोकळी मिळाली, त्याने स्वतः २१ पैकी १६ पास पूर्ण केले आणि १७-० ने मागे पडलेला संघ २८-२४ ने जिंकला. दोन्ही सामने पाठोपाठ बघितले तर मुद्दा लक्षात येतो. स्मिथसमोर डिफेन्सला निवड करावी लागत नव्हती.

आणि तिसऱ्या डाउनला तो चेंडू त्या अरुंद फटीत मारत होता. शाळेत बेसबॉलचा पिचर असलेला हा माणूस, त्यामुळे पास कायम एकाच वेगाने, दगडासारखा. आठ यार्डांवरच्या पासलाही तोच जोर, हलका हात नाही. काही झेल केवळ त्या वेगामुळे सुटले. पण पंधरा यार्डांवर आत वळणाऱ्या क्रॅबट्रीला हाच वेग लाभदायक ठरला. त्या मोसमात क्रॅबट्रीचे ११०५ यार्ड झाले; २००३ नंतर या संघाच्या कुठल्याही रिसीव्हरने हजार ओलांडले नव्हते. डेव्हिसच्या वाट्याला मात्र मोसमाच्या उत्तरार्धात फारच थोडे पास आले. कॅपरनिकची पहिली नजर जिथे जाई तिथेच बहुधा चेंडू जाई. दुसरा-तिसरा पर्याय शोधण्यात स्मिथ निःसंशय वरचढ.

कॅपरनिकच्या चुकाही छोट्या नव्हत्या. २ डिसेंबरला सेंट लुईसमध्ये एकाच सामन्यात त्याने स्वतःच्या एंड झोनमधून चेंडू उगाच फेकून देऊन सेफ्टी (इथे समोरच्यांना मिळणारे दोन गुण) दिली, आणि नंतर टेड गिनकडे केलेला वेडावाकडा पिच (बाजूला टाकलेला चेंडू) समोरच्याने उचलून टचडाउन केला. १६-१३ असा ओव्हरटाइममध्ये पराभव. स्मिथकडून यातलं एकही घडलं नसतं, असं मी बिनदिक्कत म्हणेन.

दुसरी अडचण प्ले क्लॉकची, म्हणजे पुढचा डाव सुरू करायला मिळणाऱ्या वेळेच्या घड्याळाची, आणि स्मिथच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर ग्रेग रोमनच्या ऑफेन्समध्ये हडलमध्ये (डावाआधीच्या घोळक्यात) बरेचदा दोन डाव सांगितले जात. लाइनवर येऊन डिफेन्स बघायचा, पहिला डाव जमत नसेल तर ‘किल, किल’ ओरडून दुसऱ्यावर जायचं. त्यात माणसांची जागा बदलणं, मोशन. चाळीस सेकंदांतले पंधरा उरले की हेल्मेटमधला प्रशिक्षकाचा आवाज बंद होतो. पुढचं सगळं क्वार्टरबॅकच्या डोक्यावर. स्मिथने २००५ पासून सात वर्षांत सात ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर पचवले होते, त्याला हे सोपं जाई. कॅपरनिकचं घड्याळ तीन-दोन-एकपर्यंत जाई आणि टाइमआउट जळत. न्यू ऑर्लिन्समध्ये झालेल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, ३४-२९ असे मागे असताना, पाच यार्डांवर थर्ड अँड गोलला नेमकं हेच झालं. घड्याळ संपत आलं म्हणून टाइमआउट घ्यावा लागला, आणि तयार असलेला क्वार्टरबॅकच्या धावेचा डाव वाया गेला. त्या पाच यार्डांवरून तीन पास क्रॅबट्रीकडे, तिन्ही हुकले. स्मिथचे समर्थक हा पुरावा पुढे करतात तेव्हा मी वाद घालत नाही. एवढंच सांगतो की २८-६ ने मागे पडलेला संघ त्या पाच यार्डांपर्यंत कॅपरनिकच्या ३०२ यार्डांच्या पासिंगवर आला होता, आणि प्ले क्लॉक हा सरावाने सुटणारा प्रश्न आहे. अरुंद फटीकडे बघून हात आवरणं मात्र सातव्या-आठव्या वर्षी सुटत नाही.

यातला एक भाग मात्र मला अजून खुपतो, आणि तो खेळाच्या हिशेबाबाहेरचा आहे. स्मिथने जागा खराब खेळून घालवली नाही. ११ नोव्हेंबरला रॅम्सविरुद्ध डोक्याला मार बसला, नजर धूसर झाली, त्याही अवस्थेत त्याने एक टचडाउन पास फेकला आणि मग बाहेर गेला. शिकागोचा सामना हुकला, कॅपरनिकने तो ३२-७ ने जिंकून दिला, आणि जागा कायमची गेली. दुखापतीमुळे कुणाची जागा जाऊ नये असा या खेळातला अलिखित संकेत आहे. २००१ मध्ये न्यू इंग्लंडने ड्रू ब्लेडसोच्या जागी टॉम ब्रेडीला कायम ठेवलं तेव्हाही तो मोडला होता. पण डोक्याच्या दुखापतीचं वेगळं आहे. ‘मला धूसर दिसतंय’ असं खरं सांगणाऱ्याची जागा गेली, तर पुढचा खेळाडू ते सांगेल कशाला? प्रशिक्षक जिम हार्बॉने ‘ज्याचा हात तापलाय तो खेळेल’ असं म्हणून विषय मिटवला. निर्णय मला पटतो, पण ही पद्धत पटत नाही. शिवाय शिकागोच्या त्या सामन्यावर फार भरही देऊ नका. समोर शिकागोचा नेहमीचा क्वार्टरबॅक जे कटलर नव्हता, तोही डोक्याच्या दुखापतीमुळेच, आणि आपल्या बाजूच्या आल्डन स्मिथने एकट्याने साडेपाच सॅक केले होते.

तुलना करताना नंतरची वर्षं थोडी बाजूला ठेवलेली बरी. कॅपरनिकच्या २०१६ मधल्या राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकण्यावर तुमचं मत काहीही असो, ते २०१२ च्या थर्ड डाउनला लावता येत नाही. स्मिथच्या बाबतीतही तसंच. नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमधल्या दुसऱ्या फेरीच्या दोन निवडींच्या बदल्यात तो कॅन्सस सिटीला गेला आणि तिथे पहिल्याच मोसमात संघ ११-५ झाला. त्याला टाकाऊ ठरवणारे तोंडघशी पडले, हे चांगलंच झालं. २०१७ मध्ये तर तो रेटिंगमध्ये सगळ्या लीगमध्ये पहिला होता. त्याच मोसमानंतर कॅन्सस सिटीने त्याला वॉशिंग्टनला पाठवलं आणि पॅट्रिक माहोम्सच्या हातात चेंडू दिला.

तुमचा डिफेन्स त्या फोर्टीनायनर्ससारखा असेल, दर सामन्यात सतरा गुण पुरत असतील आणि नियमित मोसमच जिंकायचा असेल, तर स्मिथ घ्या. झोप नीट लागेल. जानेवारीत, समोर ग्रीन बेच्या अॅरन रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक असताना आणि पंधरा मिनिटांत दोन टचडाउन हवे असताना मी कॅपरनिकला पाठवेन, आणि बाजूला एक माणूस फक्त घड्याळाकडे बघायला उभा करेन.